साहेब बोलले तेच

तिच्या हनुवटीवर उजव्या बाजूला एक ठसठशीत तीळ होता. शहरातली बहिरी माणसं तिच्याबद्दल बोलताना तिथे बोट टेकवायची, आणि तेच तिचं नाव होतं. ऐकू येणारी माणसं तिला दुभाषीबाई म्हणायची. तिला स्वतःला हनुवटीवरचं नाव जास्त आवडायचं, कारण ते वडिलांनी ठेवलेलं होतं.

आई आणि वडील दोघंही जन्मापासून बहिरे. वडील छापखान्याच्या तळघरात बाइंडर होते. तिथल्या यंत्रांचा खडखडाट असा, की धडधाकट कानांची माणसं दोन वर्षांत काम सोडून पळायची. वडिलांना त्याचं काय! तीस वर्षं त्यांनी तिथे शांतपणे पुस्तकं शिवली. आई घरी कपडे शिवायची आणि जेवायची वेळ झाली की जिन्याच्या कठड्यावरून वाकून मुलीला हाक मारायची. ती हाक म्हणजे एक लांबलचक, वर-खाली होणारा आवाज, शब्द नव्हेच. पण खालच्या अंगणात खेळणाऱ्या पंधरा पोरांमधून नेमकी एकच पोरगी तो ऐकून उठायची.

मुलगी ऐकणारी निघाली, त्यामुळे सातव्या वर्षीच तिच्या मागे घरचा सगळा कारभार लागला. डॉक्टर, बँक, वीजबिलाची खिडकी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे घरमालक. तो जिन्यात उभा राहून म्हणायचा, "सांग तुझ्या त्या मुक्या बापाला, सायकल इथे ठेवायची नाही म्हणून. शिरतंय का काही त्याच्या डोक्यात?" ती वडिलांकडे वळायची आणि हातांनी सांगायची, "काका म्हणतात, सायकल जरा बाजूला लावाल का?" वडील मान हलवायचे, घरमालकाकडे बघून हसायचे, सायकल हलवायचे. हे चार वर्षं चाललं. एका नव्या वर्षाला तर वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेली, चामड्याच्या पाठीची डायरी घरमालकाला भेट दिली. घरमालकाने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "मुक्याला एवढं तरी येतं म्हणायचं."

त्या दिवशी तिचा बांध फुटला. घरी येऊन तिने चार वर्षांचं सगळं एका दमात ओकून टाकलं.

वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवलं. "तो मला जे बोलला, ते माझं होतं," त्यांचे हात सावकाश म्हणाले. "तू ते मधल्यामध्ये खिशात घातलंस. लहान आहेस, मला वाचवायला गेलीस, कळतं मला. पण कोणाशी हसायचं आणि कोणाकडे पाठ फिरवायची, ते माझं मला ठरवू दे."

अकराव्या वर्षी घेतलेला तो धडा पुढे तिचा धंदाच झाला. सकाळी बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची, दुपारनंतर कोर्ट, हॉस्पिटल, सरकारी कचेऱ्या. वकिलांना माहीत होतं, साक्षीदाराला मूर्ख म्हटलंत तर ही बाई ते त्याला सांगणार. डॉक्टरांना माहीत होतं, "हे त्यांना नका सांगू" असं तिच्यासमोर बोललात तर तेही वाक्य पोचणार. काही जणांना तिचा राग यायचा. तिने तो कधी मनावर घेतला नाही.

ती त्रेचाळीस वर्षांची असताना नगरपालिकेची निवडणूक लागली. मागच्या खेपेला नगराध्यक्ष, म्हणजे सगळ्यांचे साहेब, अवघ्या एकशे बारा मतांनी निवडून आले होते. या खेपेला कोणीतरी याद्या चाळून शोध लावला, की शहरात दोनशे चाळीस बहिरे मतदार आहेत. आजवर ज्यांना रस्त्यात कोणी वाट विचारली नव्हती, त्यांच्या दारांवर आता पत्रकं येऊन पडू लागली.

साहेबांचा प्रचारप्रमुख एका दुपारी तिच्या घरी आला. पांढरेशुभ्र बूट, दोन हातांत दोन फोन. सोफ्याच्या कडेवर टेकला.

"ताई, काही अवघड नाही. साहेबांच्या शेजारी उभं राहायचं, बस. फोटोतही छान दिसतं."

"मी फोटोसाठी उभी राहत नाही," ती म्हणाली. "साहेब जे बोलतील ते सांगणार. कमी नाही, जास्त नाही."

"अहो, तेच तर पाहिजे!"

"नीट ऐका. मधेच 'हे गाळा, ते सोडा' चालणार नाही. आणि समोरच्या पक्षाने बोलावलं तर त्यांच्याही सभेला जाईन."

दुसऱ्या अटीला त्याचं तोंड जरा वाकडं झालं, पण दोनशे चाळीस हा आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. "ठीक आहे, ठीक आहे. आणि ताई, साहेबांच्या बोलण्यात गाळण्यासारखं असतं तरी का काही?"

खिडकीपाशी बसलेल्या वडिलांनी खुणेने विचारलं, काय म्हणतोय? तिने सांगितलं. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

"बाबा का हसताहेत?" प्रमुखाने विचारलं.

"तुमचं शेवटचं वाक्य पोचलं त्यांना."

साहेबांच्या विरोधात उभ्या होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं, म्हणून सगळे त्यांना हेडबाई म्हणत. बहिऱ्या मंडळींनी दोघांनाही चटकन नावं ठेवली. साहेबांचं नाव कपाळावरून दोन बोटांनी केस मागे सारणं, हेडबाईंचं नाव घसरलेला चष्मा वर ढकलणं. कोणाची शिफारस नाही, कोणाचा अपमान नाही. जो जसा दिसला तसा.

व्यासपीठांवर मात्र वेगळंच चालू होतं. साहेब म्हणायचे, "हेडबाईंना वाटतं, नगरपालिका म्हणजे तिसरीचा वर्ग! जन्म गेला खडू मोजण्यात, या रस्ते काय मोजणार? घरी बसा बाई, स्वेटर विणा!" दुसऱ्या दिवशी चौकात हेडबाई म्हणायच्या, "साहेब म्हणजे निव्वळ फुगा. टाचणी लावा आणि बघा काय निघतं!" दुभाषीबाई दोघांचंही इमानेइतबारे सांगत होती. आणि खोटं कशाला बोला, तिला त्यात मजा येऊ लागली होती. कोर्टाच्या कोरड्या कामात असं खेळायला कधी मिळतं? फुग्याच्या सभेत तिने गाल फुगवले, दोन बोटांनी केस मागे सारले, दोन्ही हातांत तो फुगा वाढवत वाढवत नेला, मग हळूच टाचणी टोचली आणि सगळं अंग सैल सोडून दिलं. पुढच्या रांगेतली माणसं पोट धरून हसली. टाळ्यांऐवजी पन्नास-साठ हात वर होऊन थरथरले.

घरी परतताना वडील दिव्याच्या खांबाखाली थांबले. चालता चालता त्यांना बोलता येत नसे, हात दिसायला उजेड लागायचा. "आज हात फार रंगले होते तुझे."

"चांगलं झालं ना?"

"फार चांगलं झालं. पण त्या बाई निवडून आल्यावर करणार काय आहेत, ते माझ्या लक्षात आलं नाही."

"त्या बोलल्याच नाहीत त्याबद्दल."

"असं होय," वडील म्हणाले. "मला वाटलं, तुझ्या हातून निसटलं."

ते लागलं तिला. वडिलांनी टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. म्हणून जास्तच लागलं.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांची मोठी सभा ठेवली होती. शाळेचं मैदान, संध्याकाळचे पाच, दोन हजार खुर्च्या. पहिल्या दोन रांगा बहिऱ्या मंडळींसाठी राखून ठेवल्या होत्या. प्रत्येकाला पक्षाची टोपी मिळाली होती आणि फोटोवाले पुढेच घोटाळत होते. वडील पहिल्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर. त्यांच्या शेजारी बहिऱ्यांच्या क्लबचा अध्यक्ष, घड्याळं दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, सगळ्यांचा काका. दुभाषीबाई साहेबांच्या डाव्या हाताला उभी राहिली.

आदल्या दिवशी एका पत्रकाराने हेडबाईंना गटारांच्या योजनेबद्दल विचारलं होतं आणि बाईंना उत्तर देता आलं नव्हतं. साहेबांच्या हातात आयतं कोलीत सापडलं होतं.

"पत्रकाराने विचारलं, बाई गप्प!" साहेब गरजले. "मी विचारलं, बाई गप्प! अरे, ही बाई ठार बहिरी आहे की मुकी?" हशा. तेवढ्याने साहेब आणखी चढले. "बहिऱ्या-मुक्यांच्या हातात शहर देणार तुम्ही? हाक मारली तर कळत नाही, तोंड उघडलं तर जनावरासारखा आवाज! असली अर्धवट माणसं कारभार करणार?" आणि माइक तोंडाशी नेऊन त्यांनी तो आवाज काढून दाखवला. लांबलचक, वर-खाली होणारा.

मैदान हशाने फुटलं.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. त्याच आवाजाने तिला हजार वेळा जेवायला बोलावलं होतं.

व्यासपीठाच्या पायऱ्यांशी प्रचारप्रमुख दोन्ही तळवे जिवाच्या आकांताने हलवत होता. ज्या माणसाला बहिऱ्यांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, तो त्या क्षणी अगदी अस्खलित बोलत होता: नको, नको, नको! तिच्याकडे दोन सेकंद होते. "हेडबाईंना उत्तर देता आलं नाही, असं साहेब म्हणतात," एवढं सांगितलं असतं की झालं असतं. साठ माणसं टोप्या घालून, फोटो काढून, खुशीत घरी गेली असती.

तिने हात उचलले आणि सगळं सांगितलं. ठार बहिरी. मुकी. जनावर. अर्धवट. आणि शेवटी साहेबांनी जसं तोंड वेडंवाकडं केलं होतं तसं तिनेही केलं, बोट घशावर ठेवून, आवाज कसा होता ते दाखवलं. या खेपेला हात रंगले नाहीत. एकेक शब्द तिने समोर नेऊन ठेवला.

पहिल्या दोन रांगा थिजल्या. मागे दोन हजार माणसं अजून हसतच होती. मग घड्याळवाले काका उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी नीट खिशात ठेवली, खुर्ची उचलली, फिरवली, आणि व्यासपीठाकडे पाठ करून बसले. त्यांच्या मागची शिंपीणबाई उठली. मग तिच्या शेजारचा सुतार. मग सगळेच. प्लास्टिकच्या खुर्च्यांचा खरखराट मैदानभर ऐकू गेला. ऐकू गेला नाही तो फक्त खुर्च्या फिरवणाऱ्यांना. ऐकणाऱ्याने पाठ फिरवली तरी तुमचं बोलणं त्याच्या कानात जात राहतं. बहिऱ्याने पाठ फिरवली की संपलं. तुम्ही ओरडा, आपटा, माइक खा. त्याच्यासाठी तुम्ही नाहीच.

हसू पुढून मागे विझत गेलं. साहेबांना समोर साठ पाठी दिसल्या. त्यांनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "काय झालं? ओ बाई, काय सांगितलंत यांना?" आणि रागाच्या भरात माइक तिच्या तोंडासमोर धरला.

"तुम्ही बोललात तेच, साहेब."

तिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं सांगणाऱ्या त्या बाईचा स्वतःचा आवाज शहराने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मी... मी त्या बाईंना बोललो! यांना कुठे बोललो?"

"शिवी त्यांना दिलीत, पण नाव यांचं घेऊन दिलीत. आणि हे इथेच बसलेत. तुम्हीच बसवलंत."

"वाक्य फिरवलंय तुम्ही!"

"फिरवलं असेल तर परत बोला. परत सांगते. दोन हजार माणसं साक्षीला आहेत."

हे बोलताना तिचे हातही चालूच होते. कारण एक खुर्ची अजून फिरली नव्हती. वडील समोर बघत होते. मुलगी काय बोलते ते त्यांना शेवटपर्यंत पाहायचं होतं. ते संपल्यावर ते सावकाश उठले, गुडघे धरले, आणि त्यांनीही खुर्ची फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनाफोनी सुरू झाली. नुसत्या तिच्या हातांचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरत होता, आवाज काढून टाकलेला. खाली लिहिलं होतं, "हातवारेवाल्या बाईने साहेबांच्या तोंडी घाणेरडे शब्द घातले." दुपारी शाळेच्या विश्वस्तांनी तिला ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत उभे होते.

"लेखी खुलासा द्या," विश्वस्त म्हणाले. "आणि खाली दिलगिरीची एक ओळ टाका. विषय मिटून जाईल."

"कागद द्या."

तिने तिथेच बसून लिहिलं: "साहेब पुढीलप्रमाणे बोलले." मग अक्षर न् अक्षर. शेवटी, "येथे साहेबांनी जनावराचा आवाज काढून दाखवला. मी ते सांगितले. उद्या कोणी बोलले तर उद्याही सांगेन." खाली सही.

विश्वस्तांनी कागद दोनदा वाचला. "यात दिलगिरी कुठंय?"

"ती साहेबांच्या पत्रात असेल. आली की मलाही दाखवा."

निवडणूक होईपर्यंत वर्गावर येऊ नका, असं तिला तोंडी सांगण्यात आलं. ती खडूने पांढरे झालेले हात धुऊन घरी आली, तर सोफ्यावर हेडबाई बसलेल्या. चष्म्यामागचे डोळे चमकत होते.

"शाब्बास!" हेडबाई म्हणाल्या. "उद्या माझ्या व्यासपीठावर या. सगळ्यांना घेऊन या. त्या माणसाला असा धुऊन काढू की—"

"बाई, मी धुणं धुवायला येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर क्लबात या. माइक नाही, फोटोवाले नाहीत. मी दोन्हीकडचं सांगेन."

हेडबाईंना असं कोणी सांगितल्याला तीस-पस्तीस वर्षं झाली असावीत. त्या उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी क्लबात आल्या.

क्लब म्हणजे घड्याळांच्या दुकानावरची एक लांबट खोली. दारावरचं बटण दाबलं की आत घंटीऐवजी दिवा लागायचा. खुर्च्या कायम गोल मांडलेल्या, कारण कोणी कोणाच्या मागे बसला की त्याला बोलणं दिसणार कसं? हेडबाई त्या गोलात बसल्या आणि सवयीने सुरू झाल्या. "या साहेबांच्या आंधळ्या कारभाराने आपली नगरपालिका पांगळी झाली आहे..."

दुभाषीबाईने सांगितलं. गोलात चुळबुळ झाली. घड्याळवाले काका म्हणाले, "काल बहिरे, आज आंधळे आणि पांगळे. उद्या कोणाचा नंबर?"

ते ऐकून हेडबाई कानापर्यंत लाल झाल्या. चष्मा काढून पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंय तुमचं. जिभेला वळण पडलंय. पण मग काय म्हणू मी त्यांना?"

"काही म्हणू नका," वडील म्हणाले. "आम्हाला सांगा. छापखान्यामागच्या दोन गल्ल्यांना गटार नाही. तुम्ही आलात तर किती दिवसांत होईल?"

पत्रकाराने विचारलेला प्रश्न हाच. हेडबाईंनी या खेपेला तो टाळला नाही. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या माहिती काढून येते." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी त्या कागद घेऊन आल्या, दीड तास बसल्या, आणि साहेबांचा त्यांनी चकार शब्दाने उल्लेख केला नाही. म्हणजे एकदा केला. पण "माझ्या आधीचे" असा.

त्याच संध्याकाळी दिवा लागला आणि प्रचारप्रमुख आला. बुटांचा पांढरेपणा जरा उतरला होता. साहेबांचं पत्र त्याने वाचून दाखवलं: "जर माझ्या बोलण्याने कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी दिलगीर आहे."

तिने जसंच्या तसं सांगितलं. 'असतील, तर' पाशी तिचे हात जरा थांबले, भुवया वर गेल्या, मग पुढे गेले.

"जर?" वडिलांनी विचारलं. "म्हणजे त्यांना अजून कळलेलं नाही?"

"माझ्या दुखावल्या," शिंपीणबाई उठून म्हणाली. "लिहून घ्या. एक."

"माझ्या. दोन," सुतार म्हणाला.

"तीन."

प्रमुख आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की हे लोक थट्टा करत नाहीत. तो खरंच फोनवर नोंद करू लागला. एक्केचाळीसपर्यंत आकडा गेला. मग काका म्हणाले, "आता त्यातला 'जर' काढा. आणि पत्र नको. माणूस पाठवा."

"ताई, तुम्ही जरा समजवा ना यांना," प्रमुख काकुळतीला आला.

तिने तेही सांगितलं. गोल खदखदून हसला.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, साहेब एकटे जिना चढून आले. हाराशिवाय, माइकशिवाय ते बरेच लहान दिसत होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना; पाठीमागे बांधले, मग सोडले. ते तिच्याकडे बघून बोलू लागले तर तिने थांबवलं. "माझ्याकडे नका बघू. त्यांच्याकडे बघून बोला."

"मी चुकीचं बोललो," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो आवाज काढायला नको होता."

वडिलांनी विचारलं, "तो आवाज तुम्ही ऐकला होता कुठे?"

साहेबांनी कोपऱ्यात टाकलेल्या आपल्याच पक्षाच्या टोप्यांकडे पाहिलं. "शाळेत. आमच्या वर्गात एक मुलगा होता. सगळे काढायचो आम्ही." कोणी त्यांना पाणी विचारलं नाही आणि कोणी त्यांना टाकूनही बोललं नाही. नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला दुभाषी राहील, असा एक कागद क्लबाने तयार ठेवला होता. हेडबाईंची सही त्यावर आधीच होती. खाली साहेबांनी केली.

आणि साहेब निवडून आले. सदतीस मतांनी.

निकाल कळला तेव्हा ती घड्याळांच्या दुकानात होती. भिंग डोळ्याला लावून काकांनी एक बारीक स्क्रू बसवला, मग भिंग काढून सांगून टाकलं, "मी साहेबांनाच दिलं मत."

"तुम्ही? खुर्ची सगळ्यांत आधी तुम्ही फिरवलीत!"

"फिरवली. परत बोलले तर परत फिरवीन. पण दुकानात गुडघाभर पाणी यायचं ते त्यांनी बंद केलं. बाईंचा कागद मी वाचला. मला नाही पटला."

ती तणतणत घरी आली आणि वडिलांना सगळं सांगितलं. वडिलांचं मत हेडबाईंना होतं, ते त्यांनी लपवलं नव्हतं. पण ते रागावले नाहीत. "मग काय झालं?" ते म्हणाले. "दोनशे चाळीस माणसं म्हणजे एक गठ्ठा, असं साहेबांना वाटत होतं. तुलाही तसंच वाटत होतं का?"



शाळेतून निरोप आला: झालं गेलं विसरा, सोमवारपासून या. ती सोमवारी गेली, पण वर्गात शिरली नाही. "तोंडी काढलंत, आता घेता तरी लेखी घ्या," असं म्हणून ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसली. मंगळवारीही बसली. मुलं येता-जाता तिला खुणेने विचारायची, बाई, शिक्षा झालीय का? ती म्हणायची, मला नाही, त्यांना. बुधवारी कागद मिळाला. तिने तो वाचला, त्यातली तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली, आणि वर्गात गेली.

महिन्याभराने नव्या नगरपालिकेची पहिली सभा भरली. वरच्या सज्जात अकरा बहिरी माणसं येऊन बसली होती. वडील, काका, शिंपीणबाई. नगराध्यक्षपद हुकलं तरी आपल्या वॉर्डातून निवडून आलेल्या हेडबाई विरोधी बाकावर चष्मा सावरत कागद लावत होत्या. शिपायाने दुभाषीबाईची खुर्ची सभागृहाच्या कडेला, मोठ्या खिडकीसमोर मांडली होती. ती तिथे उभी राहिली, दोन वाक्यं सांगून पाहिली. सज्जातून वडिलांनी हात हलवला: दिसत नाही. उजेड पाठीमागून येत होता, हात नुसते काळे दिसत होते.

तिने स्वतःच खुर्ची उचलली आणि सरळ चालत जाऊन साहेबांच्या उंच टेबलाशेजारी ठेवली.

"बाई, ती जागा अध्यक्षांची आहे," शिपाई कुजबुजला.

"उजेड इथे आहे," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "साहेब, जरा सरकता का? तुमच्या खांद्यामागे माझा डावा हात झाकला जातोय."

साहेबांनी सज्जाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खुर्चीची चाकं कुरकुरली. ते वीतभर सरकले.

तिने वर बघून खात्री केली.

"अजून थोडं," ती म्हणाली.